उन्हात ठेवलेली चांदी

१२ जानेवारी, सोमवार. उमरोळी.

या घरात माझ्यावर जो अन्याय चालला आहे त्याची कुठेतरी नोंद राहावी म्हणून लिहितो. आज पुन्हा बटाट्याची भाजी. तीही अशा बटाट्यांची, ज्यांचा प्राण आधीच काढून घेतला आहे. आमची रेवती (यापुढे रे.; नाव लांब नाही, माझा आळस लांब आहे) सकाळी उठून बटाटे सोलते, फोडी करून उकळते, पाणी गाळून बाटलीत भरते आणि बोईसरला कॉलेजात नेऊन बुरशीला पाजते. उरलेल्याला माझी बायको शैला फोडणी देते आणि माझ्या पानात वाढते. बुरशीला सार, बापाला चोथा. कुठल्याही धर्मशास्त्रात कन्येच्या बुरशीचा मान पित्याच्या आधी सांगितलेला नाही, असं शैलाला म्हटलं.

"धर्मशास्त्रात बटाटाच नाही. खा गुमान."

संस्कृत एम.ए. मी झालो, वाद मात्र ती जिंकते.

चौकशीअंती कळलं ते असं: बुरशीच्या खाद्याचा तयार डबा कॉलेजात संपला आहे आणि नव्याचा अर्ज कुठल्याशा टेबलावर 'विचाराधीन' आहे. तोवर विज्ञानाचा भार आमच्या कुकरवर.

१४ जानेवारी, बुधवार

तिळगुळाबरोबर ज्ञानही मिळालं. खाडीकाठच्या तिवराच्या पानात, पानाच्या आत, एक बुरशी राहते. पानाला काही करत नाही. वर्षानुवर्षं बिनतक्रार भाडेकरू. रे. पानं स्पिरिटने धुते, म्हणजे बाहेरचे उपरे मरतात आणि आतला राहतो. मग पानाचे तुकडे करून त्याला बाहेर बोलावते, बटाट्याच्या पाण्यावर पोसते, आणि शेवटी ते पाणी गाळून त्यात चांदीचा क्षार घालते. आणि ऊन. उन्हाशिवाय काही नाही. उन्हात ठेवलं की फिकट पाणी हळूहळू कोऱ्या चहासारखं होतं: चांदीचे कण, इतके बारीक की डोळ्याला नुसता रंग दिसतो. काळ्या कागदात गुंडाळलेली बाटली मात्र होती तशीच.

हे कण जंतू मारतात. औषधांना दाद न देणारे जंतूसुद्धा.

त्या भाडेकरूला मी नाव दिलं, 'पर्णान्तर्वासी'. रे. म्हणाली, "बाबा, हा शब्द थिसिसमध्ये घातला तर परीक्षक अर्ध्यावर उठून जातील." थिसिसचं हे शेवटचं वर्ष. बोलताना तिच्या तोंडावर जे ऊन पडतं ते बघायला मी पुन्हा पुन्हा तेच प्रश्न विचारतो. तिला बहुधा कळलंय.

१८ जानेवारी, रविवार

संताप. कॉलेजच्या गच्चीला कुलूप. कारण: कोणीतरी पाण्याच्या टाकीचं झाकण पळवलं. म्हणजे झाकण चोराने नेलं आणि शिक्षा सूर्याला. किल्लीवाले रजेवर. प्रयोगशाळेतला उन्हाऐवजी चालणारा दिवा गेल्या महिन्यात गेला, त्याचाही अर्ज 'विचाराधीन'. खिडकीतून ऊन येतं ते शेजारच्या कारखान्यांच्या धुरातून गाळून येतं.

रे. चिडली नाही. ती चिडत नाही. तिच्या वाट्याचं मी चिडतो, म्हणून तिला सवड मिळते.

तोडगा दारातच निघाला. हिरूबाय नवापूरहून टोपली घेऊन आली होती. वर्षानुवर्षं येते, शैला आणि रे. तिच्या मासळीवर पोसलेल्या. मी शाकाहारी, घरात अल्पमतात. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कॉलेजात उनाला कुलूप लावतात काय? ये आमच्याकडं. बोंबलांना पुरतो, तुझ्या बाटल्यांना नाय पुरणार?"

२२ जानेवारी, गुरुवार

नवापूरला रे.बरोबर गेलो. बांबूंच्या मांडवावर बोंबील तोंडात तोंड अडकवून लटकलेले, खाली जाळीवर जवळा पसरलेला, आणि मधोमध लाकडी फळीवर माझ्या मुलीच्या काचेच्या बाटल्या. मांजरांपासून रक्षणासाठी वरून जुनं जाळं. पीएच.डी.ला इतका बंदोबस्त कॉलेजने कधी दिला नाही.

हिरूबायचं लक्ष काळ्या कागदातल्या बाटलीवर. "ह्याला कशाला झाकला? ह्याने काय पाप केला?"

रे.ने सांगितलं, उन्हाने फरक पडतो का ते कळायला एक बिनउन्हाची लागते. हिरूबायने काळ्या कागदावरून बोट फिरवलं. मग, "आमच्या सासूनं दोन सुनांत असाच केलेला."

दुपारी वारा फिरला. वारा ओला झाला की बायका सुकत घातलेलं सगळं झाकतात, विचारत बसत नाहीत. त्या रिवाजाने बाटल्यांवरही ताडपत्री पडली. आम्ही चहाला गेलो होतो. परत येतो तो रंग अर्ध्यावर थांबलेला. मला वाटलं दिवस फुकट गेला. रे. मात्र वाकून बघतच राहिली. ताडपत्री काढली, काही वेळाने रंग पुन्हा चढायला लागला. "ऊन थांबलं की थांबतं. आलं की पुढे चालतं. बाबा, हे मी मुद्दाम करून बघायला हवं होतं." वारा फिरला म्हणून जे कळलं ते थिसिसमध्ये कसं लिहिणार, विचारलं. म्हणाली, "'प्रकाश मध्येच खंडित केला असता.'" बायकांचा आणि ताडपत्रीचा उल्लेख नाही. शास्त्रीय गद्य हे असं कृतघ्न असतं.

२७ जानेवारी, मंगळवार

वाईट झालं. हसूही आलं, मग गेलं.

काल काम आटोपल्यावर उरलेलं चांदीचं पाणी रे.ने एका कॅनमध्ये भरून हिरूबायच्या पडवीत ठेवलं, आज कॉलेजात न्यायचं म्हणून. 'हे सांडू नका' एवढं सांगितलं. पण आधी कधीतरी हेही सांगितलेलं की यानं सडवणारे जंतू मरतात. हिरूबायकडे घमेल्यात जिवंत निवटे होते, खाडीच्या चिखलातले मासे, सकाळी विकायचे. निवटा जिवंत असेल तरच गिऱ्हाईक घेतं. तर तिने विचार केला, सडवणारे जंतू मेले तर निवटे ताजे राहतील. दोन तांबे ओतले.

सकाळी सगळे उताणे.

आम्ही पोचलो तेव्हा ती घमेल्यापाशी बसलेली. "भाऊ, मी रांधतानाबी इतका पटकन मरताना नाय पायला."

रे. पांढरी पडली. चूक माझी, म्हणाली, मी कॅन सोडायलाच नको होता. भरपाई देऊ केली, हिरूबायने हात झटकला. रे.ने मेलेले निवटे पुरायला लावले, खाऊ नका, मांजरालाही नको. घमेलं घासून घेतलं. मग गाडीवर मागे बसली. उमरोळीच्या फाटकाशी म्हणाली, "बाबा, ते पाणी खाडीत गेलं असतं तर?"

१ फेब्रुवारी, रविवार

रे. पुन्हा नवापूरला. यावेळी खाडीच्या पाण्याच्या बरण्या, प्रत्येकीत चांदी आधीच्यापेक्षा पातळ करत नेलेली. निवटे हिरूबायनेच दिले. "मारायचेच तर नीट मार," म्हणाली.

खूप पातळ केलं तेव्हा जगले. त्याआधी नाही. आणि जंतू मारायला जेवढी चांदी लागते, ती 'त्याआधी'त बसते, म्हणजे त्यात निवटेही मरतात.

रे. म्हणते यात मोठं आश्चर्य नाही. दवाखान्यात, जखमेच्या पट्टीवर ही चांदी उपयोगी पडेल. वाहत्या पाण्यात सोडायची नाही, एवढंच. एवढंच लिहायचं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

एवढंच लिहायचं नाही, असं ठरलंय.

तिचे गाइड (यांना मी आचार्य म्हणतो, समोर सर म्हणतो) यांनी रे.ला बोलावलं. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतला एक कारखाना (नाव लिहीत नाही, रोजनिशीलाही कान असतात) या कामावर लुब्ध झालाय. त्यांच्या सांडपाण्याला बुरशीची चांदी लावायची, 'निसर्गस्नेही' अशी पाटी लावायची, आणि पाणी नाल्यात. नाला खाडीला मिळतो.

रे.ने निवट्यांचं सांगितलं. आचार्य म्हणाले, "सजीवांवर प्रयोग करायला समितीची परवानगी लागते. होती का?"

नव्हती.

"मग ते प्रयोग झालेच नाहीत."

यात मेख अशी की नियम खरा आहे. तसा नियम असावाच. रे.सुद्धा म्हणाली, त्यांचं बरोबर आहे बाबा, मी घाई केली. पण मग परवानगी मागा, पुन्हा करा. "वेळ नाही. विषयाबाहेरचं आहे."

निवट्यांना कळवायला हवं: तुमचं मरण मंजुरीअभावी अग्राह्य ठरलं आहे, तरी कृपया जिवंत समजावे.

९ फेब्रुवारी, सोमवार

कारखान्याचा कार्यक्रम. निमंत्रण मला, वार्ताहर म्हणून. शाल, नारळ, तिवराचं रोप कुंडीत (तिवर कुंडीत, वा). व्यवस्थापक हिंदीत बोलले: "नेचर का प्रॉब्लम, नेचर का सोल्यूशन।" टाळ्या. आचार्यही बोलले, माझ्याकडे बघून हसले. रे. तिसऱ्या रांगेत, नखं बघत.

प्रश्नोत्तरांत मी उठून विचारलं, जंतू मेल्यावर ती चांदी जाते कुठे? व्यवस्थापक म्हणाले, बहुत अच्छा सवाल है. मग चहा आला.

बातमी लिहिली. त्यात एक परिच्छेद घातला: पाण्यातल्या जिवांवर काय परिणाम होतो याचा अभ्यास अद्याप व्हायचा आहे, असं संशोधक विद्यार्थिनीचं म्हणणं. नाव न घालता. पेपरच्या पालघर कार्यालयात पाठवली.

१० फेब्रुवारी, मंगळवार

छापून आली. मथळा: 'बुरशीची चांदी करणार खाडीची सफाई'. परिच्छेद गायब. व्यवस्थापकांचा फोटो मात्र तीन रकानी.

फोन केला. उपसंपादक, वयाने माझ्या निम्मा, म्हणाला, "सर, जागा नव्हती." त्याच पानावर राशिभविष्य पूर्ण आलंय. माझ्या राशीला लिहिलंय: वाणीवर संयम ठेवा. ठेवला नाही. उपयोगही झाला नाही.

बातमीवर नाव माझं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

हिरूबाय आली. टोपली उतरवायच्या आधीच, "भाऊ, पेपरात तुमी लिवलाय, खाडी साफ होनार. सुनेनं वाचून दाखवला."

म्हटलं, मी आणखीही लिहिलं होतं, ते कापलं.

"आमच्या निवट्यांचा होता काय त्यात?"

"होतं."

"ते कापला?"

"हो."

तिने शैलाला सुरमई दाखवली, भाव सांगितला, शैलाने घासाघीस केली, नेहमीसारखं सगळं. जाताना टोपली डोक्यावर घेताना मला म्हणाली, "तुमचा आमच्यासारखाच. आमी टोपली भरून आनतो, वरचा वरचा कोनतरी उचलून नेतो."

दया दाखवली तिने. बोल लावला असता तर बरं वाटलं असतं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आता मुद्द्याची गोष्ट. कारखान्याला एक निवेदन हवंय, गाइड आणि विद्यार्थिनी दोघांच्या सहीचं. मसुदा रे.ने घरी आणला. एका वाक्याखाली तिने पेन्सिलने रेघ मारलीय: 'अभ्यासादरम्यान कोणतेही अनिष्ट परिणाम आढळले नाहीत.'

व्याकरणदृष्ट्या निर्दोष. मी आयुष्यात इतकं शुद्ध खोटं वाचलं नव्हतं.

आचार्यांची सही आधीच आहे. झोकदार, शेवटी वळसा. सही केली तर थिसिस याच महिन्यात पुढे जाईल. नाही केली तर आचार्यांना पुन्हा 'सविस्तर वाचायला' लागेल, आणि त्यांचं सविस्तर वाचन कसं चालतं हे तिच्या आधीच्या विद्यार्थिनीला विचारावं. ती अजून वाट बघतेय.

मी खवळलो. आवाज चढला. आचार्य, कारखाना, कॉलेज, कुलूप, माझं वर्तमानपत्र, कोणालाही सोडलं नाही. शैला म्हणाली, हळू, शेजारी ऐकतील. म्हटलं, ऐकू देत, कोणीतरी ऐकू दे.

रे. शेंगा सोलत होती. सोलून झाल्या, टरफलं गोळा केली, टाकून आली. मग, "झालं तुमचं?"

२३ फेब्रुवारी, सोमवार

व्यवस्थापकांचा फोन, थेट मला. अतिशय गोड माणूस, गोडव्याचा ठसका लागावा इतका. "आप की बेटी हमारी बेटी जैसी है।" त्यांच्या प्रयोगशाळेत तिच्यासाठी जागा काढतायत. कायम. बोईसरमध्ये. निवेदन आलं की पत्र निघेल.

मी म्हणालो, विचार करून सांगतो. हे मी का म्हणालो? फोन आपटायला हवा होता. हल्ली फोन आपटताही येत नाहीत, ही आणखी एक अडचण.

शैलाला सांगितलं. तिने पोळी तव्यावरून काढली, दुसरी टाकली. "पुढचंच स्टेशन. डबा घेऊन जाईल. संध्याकाळी घरी." दुसरी पोळी उलटली. मग, "तुम्हाला काय, तुम्ही तत्त्वं बोलता. मी पोरीला जेवताना बघते."

दुसरीकडे रे.ने दक्षिणेत जखमेच्या पट्ट्यांवर काम करणाऱ्या एका संस्थेत अर्ज केलाय. घेतील की नाही ठाऊक नाही. घेतलं तर दोन रात्रींचा प्रवास, आणि थिसिस नसेल तर घेणारही नाहीत. म्हणजे तिथे जायला सही हवी आणि इथे राहायलाही सहीच. सगळे रस्ते त्या एका वाक्यावरून जातात. कोणी आखून दिलंय हे?

२६ फेब्रुवारी, गुरुवार

रे.ने आज विचारलं. ओट्याशी, बटाटे सोलता सोलता (डबा अजून विचाराधीन).

"बाबा, तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?"

मी घसा साफ केला. सत्य, ऋत, राजाच्या दरबारात निर्भयपणे बोललेले ऋषी, असा चांगला विस्तार केला. दोन श्लोकही आले, चालीवर. बटाटे संपले तरी माझं संपलं नव्हतं.

ती म्हणाली, "मी सुभाषित नाही विचारलं. तुम्ही काय केलं असतं ते विचारलं."

मी गॅस बारीक केला. तो बारीकच होता.

मग म्हणाली, बातमीतला परिच्छेद कापला तेव्हा तुम्ही पुन्हा का नाही लिहिलं? वाचकांच्या पत्रात तरी? खोडसाळपणे नाही विचारलं. बाटलीतला रंग का थांबला हे विचारते, त्याच आवाजात.

म्हणालो, लिहिणार आहे.

"बरं," म्हणाली, आणि बटाट्याचं पाणी गाळायला घेतलं.

१ मार्च, रविवार

रे. सकाळीच नवापूरला गेली. उन्हातली शेवटची फेरी. निवेदन पिशवीत टाकून नेलं, बाटल्यांच्या शेजारी, आणि पेन शोधत होती ते मीच टेबलावरून काढून दिलं. उद्या कॉलेजात जाऊन सांगणार आहे. काय सांगणार ते विचारलं नाही. जाताना शैलाने डबा दिला. हिरूबायसाठीही वेगळी भाकरी.

वाचकांच्या पत्रासाठी कागद पुढे घेऊन बसलो. 'महोदय' लिहिलं. मग बाहेर झाडांना पाणी घातलं. परत आलो. 'महोदय' अजून तिथेच, वाट बघत.

दीड महिना या वहीत मी चिडलोय. कुलपावर, अर्जावर, आचार्यांवर, मथळ्यावर. सगळं रास्त होतं, एक शब्द मागे घेत नाही. पण आज पानं उलटली तेव्हा दिसलं की ज्याची भीती वाटते ते कुठेच लिहिलेलं नाही. तर लिहून टाकतो, साध्या मराठीत.

ती नाही म्हणेल आणि तिचं नुकसान होईल, याची काळजी आहे, पण भीती नाही. तेवढी ती खंबीर आहे. भीती ही आहे की ती सही करेल, आमच्याकडे बघून करेल, बोईसरला जाऊ लागेल, रोज संध्याकाळी दारात तिच्या चपला दिसतील. आणि त्या बघून मला बरं वाटेल.